यहूदाची चौकट

आमच्या छापखान्यात 'आदिओस' म्हणायला बंदी होती. त्या शब्दात देव आहे, तुला देवाच्या हवाली करतो असा त्याचा अर्थ. आणि आम्ही कोणालाच कोणाच्या हवाली करत नाही, असं एव्हारिस्तो ओल्मेदोने 'चकमक' या आमच्या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला तेव्हाच ठरवून टाकलं होतं. निघताना 'सालूद' म्हणायचं. तब्येत सांभाळ, एवढंच. दुसरा नियम असा की कोणी कोणाला 'तुम्ही' म्हणायचं नाही. एव्हारिस्तो हा माझ्या डेल्फिना मावशीचा नवरा, माझ्या वडिलांपेक्षाही मोठा. रस्त्यावर मी त्यांना 'मावसोबा, तुम्ही' म्हणायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की 'ए एव्हारिस्तो'. सुरुवातीला जीभ अडखळायची. आता लिहितानाही आतलाच नियम हाताला येतो.

तो तुरुंगातून सुटून आला ते १९१४ चं वर्ष होतं. आम्ही लॉस एंजेलिसमध्ये, मेक्सिकन वस्तीत, एका चांभाराच्या दुकानामागे राहत होतो. शिक्षा तीन वर्षांची होती; डोळे जवळजवळ गेले म्हणून काही महिने आधी सोडला होता. त्याला खिडकीचा उजेड दिसायचा आणि उजेडात हलणारी आकृती. अक्षर दिसत नव्हतं. छापखान्यात तो यंत्राजवळ खुर्ची टाकून बसायचा आणि ऐकायचा. कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोलता बोलता थांबलं. आम्ही हसत असलो आणि तो आत आला तर आमचं हसू कमी व्हायचं, आणि ते कमी झालेलंही त्याला ऐकू यायचं.

त्याला कोणीतरी विकलं होतं. धोबीखान्यावरच्या ज्या माडीत तो लपला होता ती माहीत असलेली माणसं अगदी थोडी. पोलीस थेट तिथेच आले, आजूबाजूचं एकही दार न ठोठावता.

आमच्या शेवटच्या पानावर एक चौकट असायची, वर जाड ठशात 'यहूदा'. येशूला विकणारा यहूदा. देवाला हद्दपार केलं पण यहूदाला ठेवलं, असं डेल्फिना मावशी म्हणायची. त्या चौकटीत पोलिसांना बातम्या पुरवणाऱ्यांची नावं छापायची. 'चकमक' ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणींपर्यंत जायचा, आणि जिथे वाचता येत नव्हतं तिथे एक जण वाचायचा नि बाकीचे ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी एका सुताराचं नाव छापलं होतं. त्याला एकाही वस्तीत कोणी खाट दिली नाही, कोणी त्याच्याबरोबर खाणीत उतरायला तयार होईना. मग तो खाणीच्या तळाशी सापडला. पडला, म्हणाले.

म्हणून त्या शुक्रवारी दुपारी एव्हारिस्तो जे बोलला ते ऐकून माझ्या हातातलं प्रूफ खाली आलं.

"डेल्फिना, चौकटीत घे. क्रिस्पिन लेदेस्मा. झाकातेकासचा. यंत्र चालवतो."

मावशी टाइपाच्या खणांच्या पेटीजवळ, केसजवळ, उभी राहून अक्षरांचे खिळे जुळवत होती. "कुठलं यंत्र?"

"आपलं."

क्रिस्पिन तेव्हा कागदाची रिमं आणायला गेला होता. माणूस चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी.

"तीन वर्षं त्याने हे यंत्र चालवलं," मावशी म्हणाली. "पट्टा तुटला तेव्हा स्वतःचा कमरपट्टा कापून लावला. दिवसभर एका हाताने विजार धरून फिरत होता."

"तेच म्हणतो मी. का चालवलं? मला पकडलं, आणि तीन वर्षांत या छापखान्याला कोणी हात लावला नाही. का नाही लावला?"

"म्हणजे मीही आले त्यात."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस. धरलंस मात्र."

मग त्याने त्याचं कारण सांगितलं. तुरुंगात बुल्मारो नावाचा एक कैदी त्याच्या शेजारच्या कोठडीत होता. ज्या भाडोत्री हेराने एव्हारिस्तोला पकडून दिलं त्याच्या कचेरीसमोर हा बुल्मारो फळं विकायचा. अटकेच्या आदल्या दिवशी एक मेक्सिकन माणूस त्या दारातून बाहेर पडला, बुल्मारोच्या शेजारून गेला, आणि त्याला 'आदिओस' म्हणाला. माणसाचे हात काळे होते, शाईचे.

"काळे हात, म्हणजे छापखान्यातला," एव्हारिस्तो म्हणाला. "आणि 'आदिओस', म्हणजे आपल्यात राहून आपला न झालेला. परवा मी दारात बसलो होतो. क्रिस्पिन माझ्यासमोरून गेला. मी कोण ते त्याने बघितलं नसावं, किंवा नियम विसरला. म्हणाला, 'आदिओस'. तोंडातून निसटलं त्याच्या."

"आणि?"

"आणि काय? एवढं पुरे नाही?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग तिने खिळे उचलायला सुरुवात केली. एकेक खिळा स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या हातपट्टीत, असा टाकत होती की आवाज व्हावा. क. र. इ. स. नाव जुळवून तिने ते चौकटीत बसवलं. "पेपर तुझा आहे," ती म्हणाली. "मंगळवारी फर्मा आवळायचा. तोवर तू विचार कर, किंवा करू नकोस."

मी ग्वादालाहाराला शिक्षिकांच्या विद्यालयात रसायनशास्त्र शिकले होते, आणि एखादी गोष्ट सिद्ध झाली असं कोणी म्हटलं की माझं पहिलं काम म्हणजे ती आणखी कशाने होऊ शकते ते बघणं. काळे हात बूटपॉलिश करणाऱ्याचेही असतात. कोळसेवाल्याचे असतात. आमच्या दारातल्या चांभाराचे तर कायमच असतात. मी हे बोलले तेव्हा एव्हारिस्तोने मान माझ्याकडे वळवली.

"तू त्याची बाजू का घेतेस, ओतिलिया?"

"बाजू नाही घेत."

"मग कोणाची घेतेस?"

जे उत्तर देईन ते तो तपासणार होता. मी म्हटलं, "रविवारी माझ्याबरोबर चौकात चल. काही बोलायचं नाही. फक्त ऐकायचं."

रविवारी तो टोपी घालून, माझ्या दंडाला धरून निघाला. वस्तीच्या चौकात ऊन होतं. तमालेवाल्या बायका मक्याच्या पानांत उकडलेल्या मुटक्यांच्या टोपल्या उघडून बसल्या होत्या, वाफेला त्या पानांचा वास. वीटभट्टीवरचे लोक आंघोळ करून, केस चापून बसवून हिंडत होते. आम्ही एका कडेने चालायला लागलो. समोरून दोघे आले, टोपीला हात लावला. "आदिओस."

एव्हारिस्तो थांबला. "कोण होते?"

"माहीत नाही, मावसोबा. भट्टीवरचे असतील."

"कुठे निघाले?"

"कुठे नाही. समोरून आले, गेले."

पुढे एक म्हातारी भेटली. "आदिओस, मुली." मग एक कुटुंब, बाप आणि पोरं, सगळ्यांचं एका सुरात 'आदिओस'. मग पाव विकणारा. मग चौकीदार. एव्हारिस्तोचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला होता, जणू रस्ता डुगडुगत होता.

"हे लोक भेटल्याबरोबर निरोप कसला घेतात?"

"निरोप नाही तो. न थांबता पुढे जायचं असलं की असं म्हणतात. थांबून बोलायचं असलं तर दुसरं काहीतरी म्हणतात. उत्तरेकडे, गावांमध्ये. झाकातेकासला तर सगळीकडे."

"राजधानीत नाही म्हणत."

"राजधानीत सगळे शेजारी वाटत नाहीत म्हणून असेल."

तो मेक्सिकोच्या राजधानीत वाढला, तिथेच वकिली शिकला, तिथेच पहिल्यांदा तुरुंगात गेला. त्यानंतरची सगळी वर्षं परक्या देशात, माड्यांवर, तळघरांत, पडदे ओढून. ज्या लोकांसाठी तो दर आठवड्याला लिहायचा त्यांच्यामधून तो दिवसाउजेडी असा कधी चाललाच नव्हता. ते रस्त्यात एकमेकांना काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाकावर बसलो. एक पोरगी त्याच्या बुटांवरून उडी मारून गेली आणि तीही 'आदिओस' म्हणाली.

"नाव काढून टाक म्हणावं मावशीला," तो अखेर म्हणाला. "पण लक्षात घे. यावरून एवढंच ठरतं की तो शब्द पुरावा नाही. क्रिस्पिन निर्दोष आहे असं ठरत नाही."

"नाही ठरत," मी म्हटलं. कारण ते खरं होतं.

"आणि बुल्मारोने मला हे का सांगितलं?"

"त्याने जे बघितलं ते सांगितलं असेल."

"असेल," तो म्हणाला. घरी येईपर्यंत तो आणखी काही बोलला नाही, पण त्याचा अंगठा माझ्या बाहीवर सारखा फिरत होता. विचार चालू असला की त्याचं असं व्हायचं.

सोमवारी मावशीने नाव काढलं. चौकट राहू द्यायची, वरचा 'यहूदा'ही राहू द्यायचा, आत कोरी जागा सोडायची, असं एव्हारिस्तोने सांगितलं. ज्याने विकलं असेल त्याला त्या जागेत आपलं नाव दिसेल, झोप लागणार नाही त्याला. काढलेली ओळ मावशीने दोऱ्याने बांधून दगडी फळीवर ठेवली, खिळे परत केसमध्ये लावायला वेळ नव्हता म्हणून. मंगळवारी क्रिस्पिन फर्मा आवळायला, जुळवलेली पानं छपाईसाठी घट्ट बांधायला, आला तेव्हा ती ओळ त्याच्या समोर होती. यंत्र चालवणाऱ्याला खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला आरसा लागत नाही.

"हे नाव ओळखीचं वाटतंय," तो म्हणाला.

त्याने चौकटीकडे बघितलं, मग ओळीकडे. ओळीची लांबी आणि कोऱ्या जागेची लांबी सारखीच होती.

"एव्हारिस्तो ओल्मेदो," तो खुर्चीकडे वळून म्हणाला, "तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

"इथे 'तुम्ही' म्हणत नाहीत."

"सोबत्याला म्हणत नाहीत."

मी घाईघाईने सगळं सांगितलं. तुरुंगातलं, दारातलं, चौकातलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणालो असेन 'आदिओस'. आमच्या गावी बैल आडवा गेला तरी म्हणतात." त्याने रुळाला शाई लावायला घेतली. "एक सांगू? ही चौकट कोरी छापू नका. वाटलं तर जाहिरात घाला दातांच्या पावडरीची. कोरी ठेवलीत तर लोक भरतील."

"भरू देत," एव्हारिस्तो म्हणाला.

तो अंक तसाच निघाला. त्या आठवड्यात क्रिस्पिन वेळेवर आला, वेळेवर गेला. एव्हारिस्तोशी बोलताना 'तुम्ही'. प्रत्येक 'तुम्ही'ला एव्हारिस्तोच्या भुवया हलायच्या. मावशी मला हळूच म्हणाली, "तुरुंगात शिव्या खाऊन आला, त्यांचं काही वाटलं नाही बघ त्याला."

पुढच्या अंकाची तयारी चालू असताना मासेदोनिया परत आली. ही आमची अंक पोचवणारी बाई. जाडजूड, मोठ्या आवाजाची, तमाल्यांच्या टोपल्यांत खाली अंक आणि वर तमाले घेऊन आगगाडीने खाणींपर्यंत जायची. स्टेशनावरचे शिपाई टोपली उघडायला सांगायचे तेव्हा ती प्रत्येकाच्या हातात एकेक गरम तमाल ठेवायची आणि म्हणायची, पोटात जाऊ दे आधी, मग कायदा. रिकाम्या टोपल्या तिने दारात आपटल्या आणि पाणी मागितलं.

"काय रे बाबांनो, काय छापलंत? सगळीकडे एकच चर्चा. मोरेन्सीच्या खाणीवर म्हणतात, तो खेचरवाला. क्लिफ्टनमध्ये एका बाईने शपथेवर सांगितलं की तिची सासू."

मावशी हसली. "सासू कोणाला विकते?"

"तेच मी म्हटलं. म्हणाली, मला विकलंच की." मासेदोनिया पाणी प्यायली. "पण खेचरवाल्याचं हसण्यावारी नाही. त्याची दोन जनावरं कोणीतरी विष घालून मारली."

"आणि मेटकाफला?" एव्हारिस्तोने विचारलं. तिथे आमचे सगळ्यात जुने वाचक होते.

ती पेल्याशी चाळा करत राहिली.

"बोल ना."

"तिथे तुझं नाव घेतात. तीन वर्षांची शिक्षा, आणि हा आधीच सुटला कसा म्हणतात. म्हणतात, पेपर त्याचा, म्हणून नाव कोरं."

यंत्राजवळ क्रिस्पिन रूळ पुसत होता. त्याचा हात थांबला नाही. बाकी सगळं थांबलं होतं. एव्हारिस्तोने हात पुढे करून खुर्चीचा दांडा चाचपला.

"एक नाव छापलं की हे थांबेल," तो म्हणाला.

कोणतं नाव ते विचारायची कोणालाच गरज नव्हती. "पुरावा?" मी म्हटलं.

"माझ्याविरुद्ध तरी कुठे आहे पुरावा?"

त्याने हे रागाने, मला गप्प करायला म्हटलं होतं. मग त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. चेहऱ्यावरून कळलं. तो उठला, भिंतीच्या आधाराने केसपर्यंत गेला आणि स्टिक मागितली. केसमधला प्रत्येक खण त्याच्या बोटांना पाठ होता. तरुणपणी तोच जुळवायचा. बोटांनी खिळ्याची खाच बघायची, खिळा बसवायचा, पुढचा घ्यायचा. आम्ही उभे राहून बघत होतो. जुळवून झाल्यावर मावशीने वाचलं:

"मागच्या अंकात या चौकटीत एका सोबत्याचं नाव घालून काढलं. त्याच्याविरुद्ध पुरावा मिळालेला नाही. संपादक, एव्हारिस्तो ओल्मेदो."

क्रिस्पिन येऊन खिळ्यांवर वाकला. "हे नाही छापणार मी."

"का? खोटं आहे?"

"'मिळालेला नाही' म्हणजे शोध चालू आहे. लिहा, त्याने विकलेलं नाही. आणि नाव घाला माझं. नाहीतर मेटकाफचे लोक माझ्या जागी आणखी कोणाला तरी बसवतील."

"विकलेलं नाही, हे मला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"ते तू कसंही असलं तरी म्हणशील."

"खरंय," क्रिस्पिन म्हणाला. त्याने हात पुसले आणि रिमांच्या ढिगावर जाऊन बसला. "मग यंत्र तुम्ही चालवा."

मासेदोनियाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. एव्हारिस्तोने मावशीच्या दिशेला तोंड केलं. "मी नाही," ती म्हणाली. मग माझ्या दिशेला. मला शिकवलेल्या रीतीने बघितलं तर एव्हारिस्तोचं वाक्य बरोबर होतं. जेवढं ठाऊक तेवढंच लिहिलेलं, त्यापुढे अक्षर नाही. पण कोऱ्या चौकटीपायी मेलेली खेचरं मला दिसत होती, आणि खाणीच्या तळाशी पडलेला सुतारही.

"तुम्हाला एक सांगतो," एव्हारिस्तो म्हणाला. 'तुम्हाला' म्हणजे सगळ्यांना. "तुरुंगात रोज मी तुमच्यातल्या एकेकाला उभं करायचो आणि खटला चालवायचो. सगळे दोषी निघायचे. डेल्फिना दोषी निघायची. ओतिलिया निघायची, ती तेव्हा ग्वादालाहाराला शिकत होती तरी. मी इतका चांगला वकील कधीच नव्हतो. आता बाहेर आलोय आणि ते न्यायालय बंदच होत नाही."

सांत्वन करावं असं ते बोलणं नव्हतंच, माहिती दिल्यासारखं होतं.

त्याने स्टिकमधली ओळ हाताने चाचपली, मधला भाग काढून टाकला आणि पुन्हा जुळवायला लागला. या वेळी जास्त वेळ लागला. मावशीने वाचलं: "क्रिस्पिन लेदेस्माचं नाव आम्ही या चौकटीत घातलं होतं. त्याने आम्हाला विकलेलं नाही. हे खोटं ठरलं तर पुढचं नाव माझं छापावं. एव्हारिस्तो ओल्मेदो."

"पटलं तुम्हाला?" क्रिस्पिनने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला पटणं हा आता काही मापदंड राहिला नाही. खाली सही आहे. तुला चालेल का?"

क्रिस्पिन उठला, फर्मा आवळला, ठोकून सपाट केला, शाई लावली आणि यंत्राचा पायटा पायाने दाबला. पहिला ताव बाहेर आला. तो त्याने दोन कोपऱ्यांना धरून एव्हारिस्तोकडे नेला.

"जपून. ओला आहे."

एव्हारिस्तोने ताव खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळ्यांजवळ नेला, इतका जवळ की नाकाच्या शेंड्याला शाई लागली. चौकट कुठे आहे ते त्याला बहुतेक दिसलं. काळी रेघ जाड होती. आतलं काही दिसलं नाही. त्याने ताव तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"वाचून दाखवू?" क्रिस्पिनने विचारलं.

मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. मावशीही होती. मी वाचायला तोंड उघडणार तेवढ्यात एव्हारिस्तोने ताव पुढे केला, आवाज आला होता त्या दिशेला.

"वाच," तो म्हणाला.

क्रिस्पिनने ताव घेतला, घसा साफ केला आणि सावकाश, शब्द न शब्द वाचला. एव्हारिस्तो मान खाली घालून ऐकत होता. झाल्यावर, बरोबर वाचलं का, असं त्याने मला किंवा मावशीला विचारलं नाही.